फ्यूज खिशात!

आपल्या फ्लॅटमधला गीझर लावून देणारा मुलगा हे काम कुठे शिकतो? आणि नेमकं काय शिकला, तर तो संध्याकाळी धडधाकट घरी पोचतो? कोयनानगरच्या एका व्हरांड्यात भरणाऱ्या रविवारच्या क्लासची ही गोष्ट.

कोयनानगर म्हटलं की आपल्या पुण्या-मुंबईच्या पब्लिकच्या डोक्यात एक ठरलेली लिस्ट येते. धरण, नेहरू उद्यान, ओझर्ड्याचा धबधबा आणि पावसाळ्यातलं धुकं. बाइकवाल्यांना मान्सून राइड, फॅमिलीवाल्यांना वन-डे पिकनिक आणि परतताना गरमागरम भजी. माझ्यासाठी मात्र कोयनानगर म्हणजे मामाचं गाव. त्यामुळे ‘तिथे बघायचं काय?’ असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मामीच्या हातचं जेवायचं, ताणून द्यायची आणि रेंज नाही म्हणून कुरकुरायचं, एवढाच अजेंडा!

यंदा मात्र मी तिथे चक्क एका क्लासला जाऊन बसले. तोही कसला? इलेक्ट्रिशियनचा!

झालं असं, की माझ्या मामेभावाने आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि आता तो ॲप्रेंटिस म्हणून लागलाय. १९६१ सालच्या ॲप्रेंटिस ॲक्टमुळे अशा मुलांना कंपन्यांमध्ये, वीजकेंद्रांमध्ये, कारखान्यांमध्ये स्टायपेंडवर काम शिकायला मिळतं. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटर्नशिप. फरक एवढाच, की आपल्या इंटर्नशिपमध्ये चुकीचा मेल गेला तर फार तर बॉस ओरडतो. यांच्या इंटर्नशिपमध्ये चुकीच्या तारेला हात लागला तर ओरडायला कुणी उरेलच असं नाही.

तर दर रविवारी सकाळी दहा वाजता हा मुलगा डायरी आणि पक्कड घेऊन कुठेतरी गायब व्हायचा. मी म्हटलं, गर्लफ्रेंडचं प्रकरण असणार. पण पक्कड घेऊन? पत्रकारितेची सवय वाईट. गेले त्याच्या मागोमाग.

धरणाच्या कामासाठी वसवलेल्या वसाहतीतलं एक जुनं क्वार्टर. त्याच्या व्हरांड्यात लाकडी फळीवर ठोकलेले स्विच, होल्डर, जुना मीटर, दोन-तीन पद्धतीचे फ्यूज. भिंतीला टेकवलेला काळा फळा. आठ मुलं आणि एक मुलगी. आणि समोर सर. आयटीआयमधून निदेशक म्हणून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मध्ये टेस्टर. फी नाही. “पेपर झाला की शिकणं संपलं असं पोरांना वाटतं. खरं तर तेव्हाच सुरू होतं,” हे त्यांचं म्हणणं. मला बघून त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही पुण्याच्या ना? मग बसा. तुम्हालाच जास्त गरज आहे!”

पहिलाच प्रयोग असा, की मी मोबाइल खाली ठेवला. सरांनी जुने पिवळे बल्ब जपून ठेवलेत. त्यातले दोन घेतले, एक १०० वॅटचा, एक ४० वॅटचा. दोन्ही सिरीजमध्ये जोडले. म्हणजे एकातून बाहेर पडलेला करंट दुसऱ्यातून जाणार, एकामागोमाग एक. “बटन दाबलं तर जास्त उजेड कुणाचा?”

आख्खा व्हरांडा ओरडला, “शंभरचा!” तुम्हीही मनात हेच म्हणालात ना?

बटन दाबलं. ४० वॅटचा बल्ब बऱ्यापैकी पेटला. १०० वॅटचा नुसता लाल होऊन बसला.

“हात नाही, वही काढा,” सर म्हणाले. मग ओहमचा नियम फळ्यावर आला. १८२७ साली गेऑर्ग ओहम नावाच्या जर्मन मास्तराने मांडलेला. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध, बस्स. २३० व्होल्टवर १०० वॅटच्या बल्बचा रोध येतो ५२९ ओहम आणि ४० वॅटच्या बल्बचा तेराशेच्या वर. सिरीजमध्ये करंट दोघांना सारखाच, मग जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त, उजेड जास्त. गणित सुटलं आणि पोरांच्या चेहऱ्यावर ‘आयला!’ उमटलं.

“का दाखवलं हे?” सरांनी विचारलं. “कारण वीज डोळ्यांना दिसत नाही. तुम्हाला जे वाटतं आणि तारेत जे चाललंय, त्यात फरक असतो. तो फरक ज्याला कागदावर काढता येतो तो इलेक्ट्रिशियन. बाकीचे वायर जोडणारे.”

पुढचं गणित मात्र कुणालाच हसवणारं नव्हतं. ओल्या हाताचा माणूस म्हणजे अंदाजे हजार ओहम धरा, सर म्हणाले. २३० व्होल्टला त्याच्यातून किती करंट जाईल? मुलीने झटकन सांगितलं, “०.२३ अँपिअर. म्हणजे २३० मिलिअँपिअर.” “बरोबर. आणि तो ४० वॅटचा बल्ब किती घेतो? पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे एका झिरोच्या थोरल्या भावाला पेटवायला जेवढा करंट लागतो, तेवढा माणसाला विझवायला पुरून उरतो.”

मग मुद्द्याची गोष्ट. आपल्या घरातल्या डीबीमध्ये जी एमसीबीची बटनं असतात, ती आपल्याला वाचवायला लावलेली आहेत असं आपण सगळे समजतो. सॉरी! १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपेक्षा जास्त करंट वाहू लागला तर पडते. तुमच्या अंगातून पाव अँपिअर गेला तर तिला पत्ताही लागत नाही. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे एक छोटासा बल्ब. एमसीबी वायरला वाचवते, तीही आग लागू नये म्हणून. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत मोजत असते. हिशेबात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट भलत्याच वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीत चाललाय. लगेच सप्लाय बंद. तुमच्या डीबीत ती आहे का? आज घरी गेल्यावर बघा. तिच्यावर ‘टेस्ट’ असं लिहिलेलं छोटं बटन असतं.

वायरिंगचे नियम म्हणजे जगातला सगळ्यात बोअरिंग विषय, असं मला खात्रीने वाटलं होतं. आयएस ७३२ म्हणजे वायरिंगचं मानक, आयएस ३०४३ म्हणजे अर्थिंगचं. राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ साली आली, मग २०११ आणि २०२३ ला सुधारली. जांभई येते की नाही? पण सर हे नियम पाठ करून घेत नाहीत. प्रत्येक नियमाला ते एकच प्रश्न विचारतात, “हा मोडला तर कोण मरेल?”

स्विच फेजवरच का? न्यूट्रलवर बसवला तरी दिवा विझतोच की! विझतो, पण होल्डर जिवंत राहतो. स्टुलावर चढून बल्ब बदलणारी गृहिणी मरेल. थ्री-पिनची वरची पिन लांब का? कारण ती अर्थिंगची आहे. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकली पाहिजे आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. इस्त्रीला अर्थिंग कशाला? आतली फेज बॉडीला चिकटली तर करंटला जमिनीत जायला सोपी वाट हवी, म्हणजे फ्यूज उडेल. ती वाट नसेल तर इस्त्री धरणारा हात हीच वाट. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त लोड का नको? वायर तापते, इन्शुलेशन वितळतं, रात्री आग लागते, झोपलेले मरतात.

चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे जुलैत भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात, तिथे या उत्तरांना वेगळंच वजन येतं.

आणि नियम असे मागाहूनच येतात, हे कोयनानगरला समजावून सांगायला लागत नाही. ११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारनंतर इथे जो भूकंप झाला, त्यात दीडशेहून जास्त माणसं गेली. तोपर्यंत दख्खनचं पठार भूकंपाच्या बाबतीत जवळजवळ निर्धास्त समजलं जायचं. १९७० साली देशाचा भूकंप-झोनचा नकाशाच बदलला. ‘शून्य’ नावाचा झोन काढून टाकला, कोयनेचा परिसर वरच्या झोनमध्ये गेला. “आपल्या गावातली माणसं गेली, तेव्हा नकाशाची रेघ हलली,” सर सांगत होते. “नियमाचं पुस्तक उघडाल तेव्हा हे लक्षात ठेवा. त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी मोजलेली किंमत आहे.”

सरांचा एक नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. काम करायच्या आधी सप्लाय बंद करायचा आणि काढलेला फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. बोर्डावर नाही, मित्राकडे नाही, खिशात. म्हणजे तुम्ही वर असताना दुसरं कुणी येऊन ‘अरे, लाइट का गेली?’ म्हणत तो परत बसवणार नाही. एमसीबी असेल तर टेप लावायची, पाटी लावायची, शक्य असेल तर कुलूप. क्लास सुटताना सर विचारतात, “फ्यूज कुठे?” आणि सगळी पोरं एका सुरात, “खिशात!”

हा नारा ऐकून मला मात्र हसू आलं नाही. कारण फ्यूज मामाच्याही खिशातच होता.

आता ही गोष्ट सांगायलाच हवी. मामा पंधराएक वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे लाइनवर हेल्पर होता. शिक्षण आठवी. खांबावर चढायला शिकला तो नारळाच्या झाडावर चढतात तसा, बघून बघून. २०११ सालचा उन्हाळा. भारनियमनाचे दिवस. तुम्हाला आठवत असेल, गावोगावी दुकानदारांनी छोटे जनरेटर घेतले होते. मामाने नेहमीप्रमाणे डीपीवरचे फ्यूज काढले, खिशात घातले. टेस्टर लावून बघितला, लाइन मेलेली. वर चढला. दहा मिनिटांनी खाली कुणीतरी जनरेटर सुरू केला. मेन स्विच न पाडता, चेंजओव्हर न लावता. दुकानाला जायची ती वीज दुकानातून उलटी रस्त्यावरच्या तारेत गेली. जनरेटरला एवढा लोड पेलवला नाही, तो क्षणात बंद पडला. तो क्षण पुरला.

मामा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, वरून पडल्याने कंबर गेली. आता तो स्टँडजवळ चहाची टपरी चालवतो. कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं, की काळजी घ्यायला हवी होती. मामाने घेतली होती की! जेवढी माहीत होती तेवढी.

म्हणूनच पोराने दहावीनंतर वीजतंत्रीचा फॉर्म भरला तेव्हा मामीने दोन दिवस चूल पेटवली नाही. “एक हात दिला की त्या तारंला, आता पोरगं बी द्यू व्हय?” असं म्हणून ती जी गप्प झाली, ती त्याच्या ॲडमिशनपर्यंत बोललीच नाही.

त्या रविवारी सरांनी शेवटी फळ्यावर एक वाक्य लिहून दिलं. भारतीय विद्युत नियम, १९५६, नियम ३६. त्याचा साध्या भाषेतला अर्थ असा, की तारेला हात लावण्याआधी ती अर्थ करून डिस्चार्ज करा, आणि माणूस काम करत असेपर्यंत ती चुकूनही पुन्हा चार्ज होणार नाही अशी तजवीज करा. ते नियम जाऊन त्यांच्या जागी २०१० साली आणि मग २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे विनियम आले, पण हा मुद्दा काही कुणी सोडला नाही. सरांनी सर्किट काढून दाखवलं. सगळ्या तारा एकमेकींना जोडून जमिनीला बांधल्या, की मागून, पुढून, कुठूनही वीज आली तरी ती माणसाला वळसा घालून जमिनीत जाते. “करंट डीपीकडूनच येतो असं कुणी सांगितलं? जिथे सोर्स आहे आणि वाट पूर्ण होतेय, तिथून तो येणार. सवय एका बाजूला बघते, सर्किट चारी बाजूंना.”

रात्री जेवताना मामेभावाने डायरी काढली आणि मामाला हा नियम वाचून दाखवला. आकृती काढली. इथे डीपी, इथे खांब, इथे दुकान. अर्थिंगची तार कुठे लागली असती, तिथे त्याने पेनाने रेघ मारली. मामीचा हात परातीतच थांबला.

मामा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता. मग म्हणाला, “कवाचा म्हनलास नियम?”

“छप्पन सालचा.”

“छप्पन? तवा मी जन्माला बी न्हवतो.” उरलेल्या तीन बोटांनी त्याने भाकरीचा तुकडा मोडला. “आम्हाला समद्यांनी सांगितलं काय करायचं त्ये. का करायचं त्ये कुनीच न्हाई सांगितलं, बग.”

त्या घरात अपघाताबद्दल एवढं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

हे सगळं मला तुम्हाला का सांगायचंय? कारण मार्चमध्ये त्याच्यावर एक प्रसंग आला. एका ऑफिसच्या रिनोव्हेशनचं काम होतं. अगदी तुमच्या-माझ्या ऑफिससारखं ऑफिस, काचेची केबिन, एसी, कॉफी मशीन. पॅनलमध्ये एक जॉइंट गरम होत होता. सुपरवायझर म्हणाला, “दोन मिनिटांचं काम आहे. मेन पाडू नकोस, आत साहेबांचा कॉल चालू आहे.”

आमचं अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं, स्टायपेंडवरचं, म्हणालं, “नाही. मेन पाडल्याशिवाय हात लावणार नाही.”

“घाबरतोस काय?”

“घाबरत नाही. काय होईल ते माहीत आहे.”

मेन दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाडला गेला. काम खरोखरच दोन मिनिटांचं निघालं. पुढचे चार दिवस याला फक्त पाइप उचलायचं काम मिळालं, ही त्याची शिक्षा. घरी येऊन त्याने सांगितलं, तेव्हा मामा एवढंच म्हणाला, “बरं केलंस.” आणि मामीने न विचारता ताटात दुसरी पोळी वाढली.

माझ्या मते त्या व्हरांड्यातल्या क्लासमध्ये ओहमचा नियम आणि वायरिंगची मानकं हे निमित्त आहे. तिथे खरं शिकवलं जातं ते ‘नाही’ म्हणायला. नुसतं भिऊन म्हटलेलं ‘नाही’ टिकत नाही. ‘अरे, काही होत नाही, आम्ही वीस वर्षं असंच करतोय’ म्हटलं की ते गळून पडतं. पण ज्याला वहीत सर्किट काढून दाखवता येतं, त्याचं ‘नाही’ हलत नाही. त्याच्या बाजूने गणित असतं, आणि कायदाही.

मात्र त्या ‘नाही’ची दुसरी बाजू आपल्याकडे आहे. कोयनेची वीज बहुतेक सगळी तयार होते ती सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळीच्या बाजूला, डोंगराच्या पोटात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. पण ती शेवटी येऊन थांबते आपल्या फॉल्स सीलिंगच्या वर, आपल्या डेस्कखालच्या एक्स्टेंशन बोर्डात. आणि तिथे ‘दोन मिनिटांचं काम आहे, वायफाय बंद नको पडायला’ असं म्हणणारे लोक आपल्यातलेच असतात. नव्या फ्लॅटचं एस्टिमेट आलं की इटालियन टाइल्सला हात न लावता अर्थिंगच्या वायरीवर काट मारणारेही आपल्यातलेच.

तेव्हा पुढच्या वेळी अॅपवरून बुक केलेला कुणी विशीतला मुलगा दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आधी मेन बंद करावा लागेल,” तर घड्याळाकडे बघू नका. लॅपटॉप सेव्ह करा, फॅन बंद पडू द्या, खिडकी उघडा. तो काम करत असेल तोवर इन्व्हर्टरही बंद आहे ना, एवढं विचारा. जमलं तर चहा द्या.

आणि त्याने फ्यूज काढून खिशात टाकला, तर समजा, की पोरगं चांगल्या हाताखाली शिकलंय.